मिठाची गळती

“मीठवाल्याच्या दुकानाची मोहोर तोडा, कारकूनसाहेब. चार दिवसांनी तसंही बाजार ते मीठ गिळणारच आहे. त्यापेक्षा सैन्याच्या पोटात गेलेलं काय वाईट?”

कारकुनाने हेडफोन कानावर नीट बसवला आणि खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर वेशीपाशी दहा-बारा माणसं उभी होती. सेनापती घोड्यावर होता, बाकीचे पायी.

“कलम सव्वीस,” तो म्हणाला. “व्यापारी बेपत्ता असेल तर माल वर्षभर मोहोरबंद. वारस आला तर वारसाला. सैन्याचं नाव त्यात कुठेही नाही.”

“अहो, पण खेळाला कुठे वाचता येतं तुमचं कलम?”

सेनापतीचं चूक नव्हतं. गेली चार वर्षं रोज दुपारी चार वाजता ही मंडळी आपापल्या गावातून संगणकावर जमत होती. खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्यांना डोंगर, नद्या, जनावरं आणि एक बाजार दिला होता. साम्राज्य मात्र त्यांनी स्वतःच्या डोक्यातून उभं केलं होतं. सम्राट ठरला, प्रांत ठरले. औषधांच्या दुकानात गोळ्या मोजणारा एक जण सेनापती झाला. व्यापाराचे कायदे लिहायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी याच्याकडे बोट दाखवलं, कारण बंदरावरच्या कस्टमच्या गोदामात चौतीस वर्षं कारकुनी करून तो नुकताच निवृत्त झाला होता. तिथेही त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती. इथेही तो कारकूनच राहिला.

कायदे त्याने जीव ओतून लिहिले. अडचण एकच होती, बाजार आंधळा होता. माल मांडला की ज्याचं बोट आधी पडेल त्याचा. घेणारा आपल्या साम्राज्यातला की बाहेरचा परका, त्याच्याकडे परवाना आहे की नाही, बाजार काही विचारत नसे. कायदा तर म्हणत होता की परवान्याशिवाय मिठाचा कणही विकायचा नाही. यावरून त्याचं आणि मीठवाल्याचं तीन आठवडे भांडण चाललं होतं. शेवटी तोडगा निघाला. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने वेशीवर समोरासमोर उभं राहायचं, कारकुनाने परवाना मोठ्याने वाचायचा, मग विकणाऱ्याने “टाकलं!” म्हणायचं आणि एखादा परका झडप घालायच्या आत घेणाऱ्याने “उचललं!” म्हणायचं.

मीठवाला पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा, कुठल्याशा लांबच्या शहरात. दोघे कधी भेटले नव्हते. “कारकूनराव, तुमचा कायदा म्हणजे चालू लिफ्टमध्ये उभं राहून जिन्याच्या पायऱ्या मोजणं,” असं तो म्हणायचा, खोकत हसायचा, आणि मग कायदा अगदी अक्षर न् अक्षर पाळायचा.

तो मीठवाला सव्वीस दिवस फिरकला नव्हता. तीस दिवस मालक आला नाही की त्याच्या दुकानातला माल उघड्या बाजारात ओतायचा, हा खेळाचा नियम. त्यापुढे कलम सव्वीसची काय मात्रा चालणार?

“झालं का राज्य करून?” स्वयंपाकघरातून ताई ओरडली. ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. दोघांचीही लग्नं झाली नव्हती, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं एकमेकांना सांभाळून होती. “चहाचं आधण आटून गेलं इकडे.”

“थांब गं जरा. वारसाचा प्रश्न आलाय.”

“आपल्याला कोण वारस आहे रे, ते सांग आधी!”

तो उत्तर देणार तेवढ्यात पडद्याच्या कडेला मीठवाल्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. वेशीवर एकच गलका झाला. “आले, आले! अहो, होतात कुठे मीठवाले?”

“हॅलो? ऐकू जातंय का?” आवाज बाईचा होता. “मी त्यांची मुलगी बोलतेय. बाबा गेले. तीन आठवडे झाले.”

वेशीवरची माणसं होती तिथेच थांबली. सेनापतीचा घोडा तेवढा जागच्या जागी पाय आपटत राहिला, कारण खेळातले घोडे तसेच करतात.

“तुमच्यात कारकूनकाका कोण? बाबांनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, माझं दुकान तसंच राहिलंय, कारकूनरावांना म्हणावं कायद्याप्रमाणे काय ते करा. मला यातलं ओ की ठो कळत नाही. निरोप द्यायला आले फक्त.”

काहीतरी माणसासारखं बोलावं असं कारकुनाला फार वाटत होतं, पण तोंडातून बाहेर पडली ती चौतीस वर्षांची सवय. “वारसाने स्वतः हजर राहावं लागतं. तुम्ही आलात त्या त्यांच्याच रूपात. मृत व्यक्ती स्वतःची वारस होऊ शकत नाही. तुम्हाला वेगळ्या नावाने नोंदणी करावी लागेल. आणि नव्या माणसाला खेळ दहा दिवस दुकानात शिरू देत नाही, त्यामुळे...”

“बरं,” मुलगी म्हणाली. “मग राहू द्या. तुम्हाला उगाच त्रास दिला.”

हे ‘बरं’ त्याने आधी एकदा ऐकलं होतं. गोदामात एक बाई आली होती, परदेशात वारलेल्या नवऱ्याची पेटी सोडवायला. कागदावर एक शिक्का कमी होता म्हणून त्याने तिला परत पाठवलं. दुसऱ्यांदा आली तर सही वेगळी होती. तिसऱ्यांदा तारीख. दर वेळी ती नुसतं ‘बरं’ म्हणायची. चौथ्यांदा ती आलीच नाही, आणि पेटी लिलावात गेली. नियमाबाहेर त्याने काहीच केलं नव्हतं. साहेबांनीही तसंच सांगितलं होतं. तरी त्या बाईची चप्पल कशी होती, हे त्याला आजही सांगता आलं असतं.

“थांबा!” तो म्हणाला. “बंद करू नका. एक मिनिट.”

त्याने सगळ्यांना दिसेल असं कायद्याचं पान उघडलं आणि दोन बोटांनी, अडखळत, एक ओळ लिहून वाचून दाखवली. “वारस मृताच्या पायांनी वेशीवर आला, तरी त्याला वारसच समजावं.”

“साहेब,” सेनापती म्हणाला, “मागे माझ्यासाठी एक शब्द बदलायला तयार नव्हतात तुम्ही.”

“नव्हतो. चुकलंच माझं.”

सेनापतीला हे अपेक्षित नसावं. तो म्हणाला, “राहू दे. सैन्य काही उपाशी मरत नाही.”

“नातं सांगा,” कारकून म्हणाला.

“मुलगी. एकुलती एक.”

“मंजूर. माल तुमचा. कुणाला द्यायचा ते सांगा.”

“बाबा काय करायचे त्याचं?”

आता मात्र कारकून अडकला. मीठवाल्याच्या दर महिन्याच्या विवरणात शेवटची ओळ ठरलेली असे : गळती, बारा पोती. खेळातल्या मिठाला ओल लागत नाही, त्याला गळती कुठली? ती पोती खालच्या वस्तीत जायची. तिथे नवखे लोक असत. त्यांच्याकडे परवाना नसे आणि मिठावाचून त्यांचे साठवलेले मासे सडून जात. कायद्याने तो गुन्हा होता. कारकुनाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि दर महिन्याला तो खाली लिहीत आला होता : गळती मान्य.

हे सगळं त्याने तिला सांगितलं, सगळ्यांसमोर.

“म्हणजे तुम्ही दोघं मिळून चार वर्षं...” सेनापती म्हणाला.

“हो.”

मुलगी हसली. हसता हसता तिचा आवाज फुटला. मग म्हणाली, “तर सगळंच गळू द्या, काका.”

बाजार कामाचा नव्हताच. खालच्या वस्तीत जाऊन पोती जमिनीवर ठेवायची, एवढाच मार्ग होता. तिला बापाला चालवताही येत नव्हतं. मीठवाला दोनदा भिंतीवर आपटला, एकदा ओढ्यात उतरला. “डावीकडचं बटण दाबा. आता सरळ. आता ‘ठेवा’,” असं कारकून सांगत गेला. तीनशे चाळीस पोती होती. नवखे लोक बिचकत पुढे आले. पण एवढा ढीग लपून कसा राहणार? विसाव्या पोत्यालाच परके घोडेस्वार आले. सेनापतीने आपले शिपाई आडवे उभे केले, पण वाटेत पडलेला माल उचलणाऱ्याला अडवायची सोयच खेळात नव्हती. घोडे त्यांच्या अंगातून आरपार जात राहिले.

“झालं?” शेवटी मुलीने विचारलं.

“झालं.”

“मिळालं का त्या लोकांना? बाबांच्या?”

कारकुनाने मोजलं होतं. वस्तीच्या वाट्याला एकसष्ट पोती आली होती.

“पुष्कळ मिळालं,” तो म्हणाला.

“बाबा घरी सांगायचे तुमच्याबद्दल. तुम्ही फार चिडता म्हणे.”

“चिडायचो.”

“आता बाबांचं हे खातं कायमचं बंद कसं करायचं?”

त्याने तिला एकेक पायरी सांगितली. मीठवाला ओढ्याकडे तोंड करून उभा होता. त्याला वळवावं का, असं विचारायचं कारकुनाच्या मनात आलं, पण त्याने विचारलं नाही. पुढच्या क्षणी तिथे कुणी नव्हतं. मागे रस्त्यावर पोती वाहून आणणारं मीठवाल्याचं खेचर तेवढं राहिलं. मालक गेल्यावर पाव तास जनावर तसंच ठेवायचं, असा खेळाचा नियम होता.

एकेक करून मंडळी निघून गेली. सेनापतीही गेला. ताई हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या खांद्यावरून डोकावली.

“कुणाचं रे ते?”

“मीठवाल्याचं.”

“आणि तो?”

“गेला.”

ताईने स्टूल ओढलं आणि ती त्याच्या शेजारी बसली. खेचराने दोनदा कान हलवले, रिकाम्या पाठीवरून शेपटी फिरवली. दोघं बघत राहिली. मग तिथे नुसता रस्ता उरला.