सोळा बैलांची तोफ

हबीबभाईनं गादीचा दोरा दातानं तोडला, सुई टोपीत खोवली आणि पत्रासाठी हात पुढं केला. सारजाबाईनं मात्र पदराची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. ती दुकानाच्या पायरीवर टेकली, टेकली तशी उठली.

तिचा मुलगा पुंजाराम निजामाच्या अमलात शिकला, त्यामुळं फौजेतून लिहायचा तेही उर्दूत. करमाडात उर्दू वाचणारे आणखी चार जण होते. पण तीन ओळींचं पत्र अर्धा तास वाचणारा हा गादीवाला एकटाच. पासष्टची लढाई जुंपल्यापासून पुंजाराम लिहायचा काय, तर खैरियत आहे, ऊन फार आहे, काळजी करू नये. हबीबभाई वाचायचा ते वेगळंच. पुंजारामच्या तोफेची नळी एवढी लांब, की आत चिमण्यांनी घरटी केली. गोळा सोडण्याआधी बिचारा टाळ्या वाजवून त्यांना उठवतो.

"मागं तोफेला बारा बैल व्हते," सारजाबाई मधेच अडवायची. "आता सोळा कसे?"

"चढ लागला, बाई. दोन जोड्या वाढवल्या."

सोळा बैलांच्या त्या पत्राला महिना झाला होता. रोज ती जालन्याच्या सडकेपर्यंत जाऊन टपालवाल्याची वाट बघून यायची. आज तो आला.

अखेर तिनं पाकीट दिलं. हबीबभाईनं कागद उलगडला, उजेडाकडं धरला, मग फिरवून धरला. पुंजारामचं अक्षर तो स्वतःच्या टाक्यासारखं ओळखायचा. हे त्याचं नव्हतं.

"सारजाबाई, हे तर मराठी हाय. दुसऱ्याच कुनाच्या हातचं."

"व्हय. टपालवाला म्हनला."

"मला मराठीचा एक हरफ येत नाय."

"ठावं हाय मला."

"मग इथं कशाला आनलं? समोर शाळा हाय. मास्तरला दाखव, एका दमात वाचंल."

सारजाबाईनं गादीतून निसटलेला कापूस उचलला, बोटांनी पिंजत बसली.

"मास्तर लिव्हलंय तेवढंच वाचतो," ती म्हणाली. "त्याला सांजच्याला घरी बोलावलंय."

हबीबभाईनं टोपीतली सुई काढली, पुन्हा तिथंच खोवली. शाळेत पोरांचे पाढे चालले होते. त्यानं चष्म्याची काच सदऱ्याला पुसली, दुसरीही पुसली. तिनं कागद हळूच धरून त्याच्या गुडघ्यावर टेकवला.

"आईला दंडवत," त्यानं सुरुवात केली. मग पुन्हा तेच म्हणाला, "आईला दंडवत."

सारजाबाई पायरीवर नीट मांडी घालून बसली.

"बैल सोळा झाले व्हते," ती म्हणाली. "तिथून पुढं वाचा."