सासूबाईंची काठी

अहल्याक्का सकाळी न्हाऊन, ओलं लुगडं हातात घेऊन गच्चीवर आल्या, तर सोवळ्याची काठी जागेवर नाही. उंच वलणीवर सोवळं वाळत घालायची ती काठी त्यांच्या सासूबाईंची. आंघोळीवाचून तिला हात लावायची मल्लेश्वरमच्या त्या घरात सुनांचीसुद्धा छाती नव्हती.

काठी सापडली. गच्चीच्या मधोमध एक राखाडी तंबू उभा होता नि काठी त्याच्या पोटात! दोऱ्या कुठं टाकीच्या नळाला, कुठं जास्वंदीच्या कुंडीला. एक तर थेट तुळशीच्या कट्ट्याला.

"अय्यो देवा!" अक्कांनी आत हात घालून काठी ओढली. तंबू फस्सकन खाली बसला.

"अक्का, मी आत आहे!" कापडाखालून त्यांची नात सुप्रीता ओरडली.

"राहा आतच. बिनआंघोळीची माझी काठी घेतेस? आता तीही ओवळी नि मीही. मला पुन्हा न्हायला लावलंस!"

सुप्रीता पिंजारलेले केस घेऊन बाहेर आली. पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदाच एकटी डोंगरात निघायची होती. तिचा बाप रघुनंदन "अक्का हो म्हणाली तर जा" असं म्हणून मोकळा झाला होता, आणि अक्का तेव्हापासून हो म्हणत नव्हत्या नि नाहीही. विकत कुठला घ्यावा ते कळायला पोरीनं दोन तंबू भाड्यानं आणले होते, आणि हा निजून बघत होती.

"दुसरा कुठाय?"

"तो काय, त्या गाठोड्यात. त्याला स्वतःच्या कमानी आहेत. काठी लागत नाही."

"मग तोच घे. हा मी एका हातानं पाडला. वारा काय करेल?"

"वारा आत हात घालून काठी ओढत नाही, अक्का. दोऱ्या ताणून बांधल्या की हा हलत नाही. तुझ्यासारखं कोण आहे जंगलात?"

अक्कांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. ओलं लुगडं कठड्यावर टाकून कमानींचं जडशीळ गाठोडं उचलून पाहिलं. मग पडलेला तंबू गोळा करून दुसऱ्या हातात धरला. ओल्या लुगड्याएवढंही वजन नव्हतं. मागच्या खेपेला मैत्रिणींबरोबर गेलेली ही पोर त्या कमानींसारखंच जड ओझं वाहून नारळाएवढा गुडघा घेऊन आली होती. आठवडाभर तेल चोळलं कुणी? अक्कांनीच. एकटी असताना गुडघा धरला तर चोळायला कोण?

"आणि डोंगरात काठी कुठून आणशील?"

"चालायला हातात लागतेच ना. तीच रात्री खांब. म्हणून तर हा हलका. माझी अजून घ्यायचीय, म्हणून तुझी..."

"उभा कर."

तंबू उभा राहिला. अक्का नेसूचं लुगडं सावरत, कण्हत, रांगत आत शिरल्या नि मांडी घालून ताठ बसल्या. डोकं वर कापडाला टेकलं नाही. कमानीच्या तंबूत एवढी जागा नव्हती, ते त्यांनी गाठोड्यावरच्या चित्रावरूनच ताडलं होतं.

"पाणी ओत."

"अक्का, भिजशील गं!"

"मला परत न्हायचंच आहे. ओत!"

सुप्रीतानं नळाखालची बादली तंबूवर उपडी केली. मग वाकून कापडाला कान लावला.

"अक्का?"

"गप. बघत्ये."

स्वल्प वेळानं अक्का बाहेर आल्या, कोरड्या ठणठणीत. "सरी, ठीक आहे. हाच घे. बसून वेणी तरी घालता येईल. आणि काठी लांब पडते, तिरकी लावलीस म्हणून एक बाजू सैल राहिली. वीतभर कापून घे तिला."

"सोवळ्याची काठी? कापू?"

"ओवळी केलीस ना? आता माझ्या काय कामाची? बाजारात बांबूला तोटा नाही. मला दुसरी आण, आंघोळ करून."

"म्हणजे... मी एकटी जाऊ?"

"एकटी कुठं? माझ्या सासूबाई आहेत बरोबर. मी त्यांच्या नजरेतून कधी सुटले नाही, तू काय सुटतेस!" अक्कांनी कठड्यावरचं ओलं लुगडं तिच्या खांद्यावर टाकलं. "आता आधी तुळशीची दोरी सोड."