हरवलेली गाठ

मित्रांनो, मला पाहून बऱ्याच जणांना वाटतं, कुणीतरी टेबलावर फळ उलटं ठेवलंय. मी फळ नाही. आईच्या पोटात बाळ जिथे वाढतं, त्या गर्भाशयाची मी प्रतिकृती आहे. रंग उडालेली, एका कडेला टवका गेलेली. दवाखान्यात मला सगळे नुसतं ‘पिशवी’ म्हणतात.

एका कारागिराने मला साच्यात ओतलं, आतून गुलाबी अस्तर रंगवलं आणि बाहेरच्या अंगाला खोबणी पाडून तीत लिंबाएवढी गाठ बसवली. ती काढता यायची, पुन्हा बसवता यायची. मला सगळीच्या सगळी बैठकीवरून उचलता यायचं. म्हणजे दोन शस्त्रक्रिया माझ्यावर दाखवता येत: नुसती गाठ काढून पिशवी राखायची, किंवा पिशवीच काढायची.

मला विकत घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा एक नेम होता. आजारी बाईच्या हातात त्या मला देत, सगळं समजावत आणि मग म्हणत, “आता तुम्ही मास्तरीण, मी विद्यार्थिनी. शिकवा मला.” तिने माझे भाग काढून, पुन्हा बसवून, काय काढणार आणि काय राहणार हे बिनचूक सांगितलं, तरच संमतीचा कागद पुढे यायचा. कुणी चुकलं तर डॉक्टरीणबाई हसून म्हणत, “नापास! पुन्हा पहिल्यापासून.” त्या दिवसांत माझी केवढी ऐट होती!

मग त्या निवृत्त झाल्या. नवे डॉक्टर हुशार होते, पण सदा घाईत. एकदा साफसफाई करणाऱ्या मावशींच्या हातून मी पडले. गाठ निखळली, घरंगळत औषधांच्या कपाटाखाली गेली.

“एवढ्याशा तुकड्यावाचून काय अडतंय?” डॉक्टर म्हणाले.

एक शिवणकाम करणारी बाई नणंदेबरोबर आली. दर महिन्याला तिच्या अंगावरून फार रक्त जायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. बाळ हवं होतं.

डॉक्टरांनी मला बैठकीवरून उचललं. “गाठ आहे. पिशवी अशी काढायची. त्रास संपला.”

“मग बाळ?”

“ते नाही होणार.”

तिने माझ्या पोटावर बोट ठेवलं. “दुसरा काहीच मार्ग नाही?”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “बाहेर वीस जणी बसल्यात. त्रास मुळापासून गेलेला बरा ना?”

“डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का गं?” नणंद म्हणाली. “कर सही.”

पंख्याने कागद उडत होता, म्हणून डॉक्टरांनी त्यावर मला ठेवलं. माझ्याच वजनाखाली तिने सही केली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने ती तपासणीला आली. आदल्याच दिवशी भिंती रंगवायला कपाट हललं होतं. मावशींनी गाठ शोधून, धुऊन मला बसवली होती. डॉक्टर कागद चाळत होते, तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. तिने गाठ ओढली. ती निघाली. तिने बसवली. ती बसली.

“हे काय?”

पडदा सरकवता सरकवता मावशी बोलून गेल्या, “गाठ आहे बाई. आधीच्या मोठ्या डॉक्टरीणबाई दाखवायच्या. नुसती हीच काढायची, पिशवी तशीच ठेवायची.”

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. “माझी कुठे होती?”

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले. “बाहेरच्या अंगालाच. काढता आली असती. पण अशा गाठी पुन्हा होतात कधीकधी, म्हणून…”

“म्हणून मला सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी कागद पुन्हा पुढे ओढले.

“डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली, “एक बटण बिघडलं तर मी गिऱ्हाइकाला विचारते, बटण बदलू की सदरा टाकून देऊ? सदरा त्याचा असतो.” तिने गाठ खोबणीत दाबून घट्ट बसवली आणि निघून गेली.

मित्रांनो, माझी गाठ सापडली. त्या बाईला मात्र तिचं काही परत मिळालं नाही. तुमची आई, मावशी, ताई दवाखान्यात गेली, तर तिला सांगा: कागदाआधी मला हातात माग. काय काढणार, काय राहणार, दुसरं काय करता येईल, हे स्वतःच्या तोंडाने सांगता येईपर्यंत विचारत राहा. आणि त्या कागदावर मी वजन म्हणून ठेवलेली दिसले, तर आधी मला उचला.