बाहुलीच्या पोटातली वाळू

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे, पण कोणाच्या मांडीवर मावणारी नव्हे. उंचीने मी चांगली मोठ्या बाईएवढी आहे. अंग जाड्याभरड्या कॅनव्हासचं, केस काथ्याचे आणि नाकाच्या जागी नुसती शिवण. माझं काम जन्मापासून एकच, पडण्याचं. सिनेमात कोणी उंचावरून उडी मारायची असली, की आधी मला सोडतात. मी जिथे आदळते तिथे हवेची मोठी गादी सरकवतात आणि मग खरं माणूस उडी मारतं. लांबून दिसणारी उडी असली, तर कधीकधी पडद्यावरही मीच पडते. हल्ली माझा मुक्काम स्टुडिओच्या गोदामात असतो आणि इथल्या उंदरांची माझ्या पोटावर नजर आहे.

मला शिवलं ते मास्तरांच्या बायकोने. मास्तर म्हणजे सिनेमातल्या मारामाऱ्या आणि उड्या बसवणारे. नायिकेच्या जागी उडी मारायची ती त्यांची लेक. अंगाने चपळ, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. त्यांच्या घरी आढ्याला एक लांब दांडी मधोमध टांगलेली होती. एका टोकाला खारू लोंबकळायची, दुसऱ्या टोकाला मी. दांडी सरळ होईपर्यंत आई माझ्या पोटात वाळू ओतायची. खारूच्या अंगावर मूठभर मांस चढलं, की माझ्या पोटात मूठभर वाळू पडलीच म्हणून समजा.

"आई, आता पुरे! ही माझ्यापेक्षा जास्त खाते," खारू वरून ओरडायची.

"तू पोटभर जेव गं. वाळूला काय तोटा आहे?" आई म्हणायची.

असं मला भरलं, की उचलायला दोन गडी लागत. मी अशी जड असण्याचा मास्तरांना मोठा अभिमान होता. बाहुली लेकीसारखीच पडली, तर लेक बाहुलीसारखीच गादीवर पडेल, हा त्यांचा साधा हिशोब.

आमचा पहिला सिनेमा पुलावरच्या चौकीदारणीचा होता. तिला उंचीची भीती. सिनेमाभर ती कठड्याजवळ फिरकत नाही आणि शेवटी धाकटा भाऊ पाण्यात पडतो तेव्हा डोळे मिटून उडी टाकते. अख्ख्या सिनेमात उडी ती एकच. हे मी ऐकीव सांगते आहे, बरं का. मी सिनेमा कधी पाहिलेलाच नाही. जाहिरातीसाठी नायिकेचा निळा कोट घालून मला थिएटरच्या दाराबाहेर उभं केलं होतं. आतून आवाज यायचे, दिसायचं काहीच नाही. आत नेमकं काय करतात या माणसांना, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. मग मी बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे वाचायला शिकले. आत जाताना माणसं बडबडत जायची, येताना गप्प असायची. एका आजोबांनी तर माझा कापडी हात हातात घेतला आणि विचारलं, "फार लागलं का गं पोरी?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सिनेमा धो धो चालला. मग काय, दुसरा भाग काढायचं ठरलं. दिग्दर्शक नवे आले, पैसा आला, क्रेन आल्या, धूर उडवायला पुरुषभर उंचीचे पंखे आले. गोष्ट तेवढी यायची राहिली. धाकट्या भावाला तर कथेतून असं काढलं, की तो जन्मलाच नव्हता. मी रोज पडत होते. कधी छपरावरून, कधी मनोऱ्यावरून. का पडते आहे, ते मात्र मला कळेना. मास्तरांनाही कळत नसावं.

"साहेब, ही मनोऱ्यावरून उडी का मारते?" त्यांनी एकदा विचारलं.

"मागे स्फोट होतो ना, मास्तर!"

"आणि स्फोट कशासाठी होतो?"

"उडीला जोर यावा म्हणून!" दिग्दर्शक म्हणाले.

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि ते दोर तपासायला निघून गेले.

दिग्दर्शकांना माझं पडणंही पसंत नव्हतं. "ही धोंड्यासारखी खाली येते. जरा तरंगली पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. मास्तर पाठमोरे होताच कपडेपटातल्या मंडळींनी माझी शिवण उसवली, वाळू काढली आणि पोटात फोम भरला. खरं सांगू? मला फार गंमत वाटली. पंख्याच्या वाऱ्यावर मी गिरक्या घेत गेले, कॅमेरा माझ्यामागे फिरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट मास्तरांना सांगायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी खारूची उडी होती. उडी मारताना हातपाय हललेले जवळून दिसायचे असल्यामुळे तिथे माझा उपयोग नव्हता. रिवाजाप्रमाणे आधी मला क्रेनने वर नेलं, खाली पंखे सुरू केले आणि हूक सोडला. मी तरंगत तरंगत लांब जाऊन पडले. एवढी लांब पडलेली पाहून मास्तर क्षणभर घुटमळले. पण वाऱ्याचा जोर आहे, असं त्यांनी मनाशी धरलं आणि गादी तिकडे सरकवायला लावली. खारू मनोऱ्याच्या टोकावर जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, मी गादीजवळ उताणी पडले होते. ती उभी होती तिथून सरळ खाली नुसती फरशी होती. तिच्या अंगात काही फोम नव्हता. ती सरळच पडणार होती. त्या क्षणी मला तोंड असतं, तर मी गळा फाटेपर्यंत ओरडले असते.

"ऊन चाललंय! ती बाहुली हलवा आधी!" दिग्दर्शक ओरडले. एक मदतनीस धावत आला. त्याने मला एका हाताने उचललं आणि उशीसारखं काखेत मारून चालू लागला.

मास्तरांनी ते पाहिलं.

"थांबा! पंखे बंद करा!" असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी मला ओढून घेतलं. "हिच्या पोटात काय भरलंय?"

"फोम," दिग्दर्शक म्हणाले. "छान उडते ना?"

वरून हाक आली, "बाबा, मारू का उडी?"

"नको गं बाळा. जिन्याने उतर. सावकाश उतर."

खारू खाली येईपर्यंत ते मला पोटाशी धरून उभे होते. मग बापलेक कोणाला न विचारता घरी गेले. ती उडी शेवटी फोम भरलेल्या माझ्यावरच उरकली.

सिनेमा लागला तेव्हा मी पुन्हा दाराबाहेर होते. या खेपेला चेहरे वाचायला फार अक्कल लागली नाही. "कान बधिर झाले," एक बाई म्हणाली. "एवढं सगळं झालं, पण झालं काय?" तिचा नवरा म्हणाला. दोन मुलींनी माझ्याबरोबर फोटो काढला आणि त्यांचा धक्का लागून मी पडले. लागलं का, असं कोणी विचारलं नाही. आजोबांची फार आठवण झाली.

मग गर्दीत मास्तर दिसले. सोबत आई होती आणि खारूही. त्यांच्या पुढचा माणूस तावातावाने बोलत होता, "शेवटची उडी तर निव्वळ खोटी! कळतं ना, सरळसरळ बाहुली टाकलीय."

बाहुली ओळखू आली, की मास्तरांना आयुष्यभर मेल्याहून मेल्यासारखं होत आलं होतं. मला वाटलं, आता बिचारे मान खाली घालतील. पण ते चक्क हसले. "अगदी बरोबर ओळखलंत," ते त्या माणसाला म्हणाले. "बाहुलीच आहे ती." आणि त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, सिनेमा वाईट असेल तर त्याला खुशाल नावं ठेवा. गोष्ट कुठे गेली, म्हणून जाबही विचारा, तो तुमचा हक्कच आहे. पण एखादी उडी खोटी वाटली, तर तेवढ्यासाठी रागावू नका. त्या दिवशी कोणाची तरी लेक जिन्याने उतरून घरी गेलेली असते.