तुर्गान आपाच्या भिंतीला भोक

"तीन दिवस माझ्या घराची भोकं बुजवलीस, आणि आज चौथ्या दिवशी भोक पाडायला आलास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं, केनेश?"

तुर्गान आपा शेगडीमागच्या भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात पसरून. म्हातारी सत्तरीची, उंची केनेशच्या खांद्याला लागेल न लागेल एवढी, पण जागची हलेल तर शपथ. केनेशच्या एका हातात छिन्नी-हातोडा, दुसऱ्या हातात पाइपचा तुकडा.

"आपा, शेगडीला हवा लागते."

"मग तिला अंगणात नेऊन ठेव. खाऊ दे हवा."

"थट्टा नाही करत मी."

"थट्टा तूच करतोयस! काल सगळी गल्ली इथे येऊन गेली. खिडकीपाशी मेणबत्ती धरली. ज्योत हलली? सांग ना, हलली?"

नव्हती हलली. तेच तर कालपासून केनेशच्या डोक्यातून जात नव्हतं. गल्लीतले लोक वा वा करत होते, कुणी त्याच्या पाठीवर थापा मारत होतं, आणि हा त्या ज्योतीकडे बघत घामाने भिजत होता. घरात घाम यावा इतकी ऊब नव्हती अजून.

काम त्याने चोख केलं होतं, त्यात वादच नाही. कुणी फुकटसुद्धा नेत नाही ती मेंढ्यांची जाडीभरडी लोकर धुऊन, वाळवून, कसर लागू नये म्हणून चुना चोळून छतावर वीतभर पसरली होती. दाराला आतून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड पट्टा, ठोकला होता. खिडक्यांना प्लास्टिकचा दुसरा पडदा, चौकटींच्या फटीत माती. ज्या घराला हिवाळ्यात पाच टन कोळसा लागायचा तिथे आता अडीच पुरला असता. आत-बाशीसारख्या डोंगरगावाच्या थंडीत हे काय असतं ते ज्याने सहा महिने कोळसा वाहिलाय त्यालाच कळेल.

पण आज आभाळ सकाळपासून लख्ख होतं. ढग नाही म्हणजे रात्री उणे पंचवीस, नक्की. आणि दुपारी नारीन शहराहून आपाची सून चोल्पोन येणार होती, बारा दिवसांचं बाळ घेऊन. याच खोलीत झोपणार होते सगळे.

"बरं, एक सांगा," केनेश म्हणाला. "धुराड्याची झडप कधी लावता?"

"हे काय विचारणं झालं? निखाऱ्यावरची निळी ज्योत गेली की लावायची. नाहीतर सगळी ऊब धुराड्यातून आभाळात. सासूने शिकवलंय मला."

"ज्योत गेली तरी निखारा जिवंत असतो, आपा. धुराडं बंद झालं की त्याचा वायू खोलीत येतो. वास नाही, रंग नाही."

"पन्नास वर्षं लावतेय मी झडप. मेले का?"

"पन्नास वर्षं तुमचं घर चाळणी होतं. म्हणून जगलात."

आपा खो खो हसली. "आत्ता बोललास! म्हणजे वाईट बांधलं म्हणून वाचले, आणि तू चांगलं केलंस म्हणून मरणार?"

 ते अगदी तसंच होतं.

"बाळ येतंय," तो हळूच म्हणाला. "बाळाची छाती केवढीशी असते."

त्या शब्दावर आपाचे हात खाली आले. पण तोंड कुठलं थांबतंय! "कर, काय करायचं ते कर. पण माझ्या नातवाला सर्दी झाली ना, तर तुझी टोपी कोंबीन त्या भोकात, डोक्यासकट."

कच्च्या विटांची भिंत, हातभर जाड. अर्धा तास छिन्नी चालली. माती डोळ्यांत गेली, बोटं सोलली. पाइप आरपार बसला तेव्हा केनेशने पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मग जाळी बसवायला आणि बाहेरून माती लिंपायला तो घरामागे गेला.

जाळी बसवण्याआधी त्याने पाइपच्या तोंडाशी वाळलेल्या गवताची काडी धरली. आत शेगडी पेटलेली. काडी आत ओढली जायला हवी होती.

काडी हलली नाही.

पुन्हा धरली. नाहीच. मग त्याने वाकून पाइपला डोळा लावला. पलीकडे उजेड दिसायला हवा होता. तिथे काहीतरी करडं होतं.

तो तसाच चिखलाच्या हातांनी आत धावला. भोकात लोकरी मोजा कोंबलेला, घट्ट, आणि आपा शेजारी बसून शांतपणे पीठ मळतेय.

"थोडा वेळच," ती म्हणाली. "खोली गरम होईपर्यंत. बाळ यायचंय ना."

"तू कुणाचं ऐकणार आहेस की नाही, म्हातारे?"

केनेश असा ओरडला की ताटल्या वाजल्या. आपाचे हात पिठातच थांबले. चाळीस वर्षं शेजारी राहिला होता हा माणूस, कधी तिला अगं-तुगं केलं नव्हतं.  आणि केनेश एकदम खाली बसला.

"ओमुर हार्टने गेला नाही," तो म्हणाला.

ओमुर, त्याचा थोरला भाऊ. मार्चमध्ये गेला. सगळ्या गावाने मातीला हात लावला होता.

"हार्टच होतं. नर्सने लिहून दिलं," आपा म्हणाली.

"नर्स नंतर आली. आधी मी गेलो होतो." तो आपल्या सोललेल्या बोटांकडे बघत होता. "छत भरलेलं पहिलं घर त्याचंच. नमुना म्हणून. लोकांनी येऊन बघावं म्हणून मी एक फट ठेवली नाही, आपा. शोधून शोधून बुजवली. सकाळी गेलो तर खोली कसली गरम होती! आणि त्याचे गाल लाल. कुरणावरून धावत आलेल्या पोरासारखे लाल. मला वाटलं झोपलाय. मग वर बघितलं, झडप बंद."

"मग?"

"मग मी ती उघडली. ह्या हाताने. दार उघडलं. खोली गार होऊ दिली. आणि मग लोकांना हाका मारल्या."

शेगडीतला कोळसा तडकला.  केनेशला वाटलं होतं की ती शिव्या देईल, पीठ फेकून मारेल. तिने पिठाचा गोळा बाजूला सारला.

"उन्हाळाभर छतं भरलीस की गावात," ती म्हणाली.

"अकरा."

"त्या घरांत भोकं?"

त्याने मान हलवली. नाही. "पाडली असती तर का म्हणून विचारलं असतं लोकांनी. तुम्ही विचारलंत तसं."

आपा उठली. पिठाच्या हातानेच मोजा उपसला आणि कोपऱ्यात भिरकावला. भोकासमोर तळवा धरून ती थोडा वेळ उभी राहिली. गार हवेने बोटांवरचं पीठ भुरभुरलं. मग तिने झडपेचा पत्रा ओढून काढला आणि कोळशाच्या चिमट्यात धरून त्याच्यापुढे केला.

"ह्याचा कोपरा काप. मोठा काप. माझा हात सवयीने जाईल, तो थोडाच विचारून जातो?"

केनेशने कात्रीने पत्र्याचा तळहाताएवढा कोपरा उडवला. आता ती झडप कितीही लावली तरी पूर्ण लागणार नव्हती. तो पत्रा परत सरकवत होता तेव्हाच बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. चोल्पोनचा आवाज, मग बाळाचं किरकिरणं.

आपाने फडक्याला हात पुसले. दाराकडे जाताना ती थांबली, सकाळच्या रोटीचा तुकडा मोडून तिने त्याच्या हातात दिला.

"तोंडाला लाव. रोटी चाखल्याशिवाय माझ्या घरातून कुणी जात नाही. बाळाचं तोंड बघ, चहा घे, मग जा."

"काय सांगू त्यांना, आपा? अकरा घरी?"

"मला सांगितलंस तेच."

"माझं तोंड बघणार नाहीत परत."

"नाही बघणार," आपा म्हणाली.

खिडकीच्या प्लास्टिकमधून गाव धुरकट दिसत होतं. धुराडी एकेक करून धूर सोडायला लागली होती. केनेशने रोटी तोंडात टाकली, ती चावायचंही त्याला सुचलं नाही. छिन्नी घेतली, हातोडा घेतला, दारात चोल्पोनला वाट दिली आणि गुंडाळलेल्या बाळाकडे न बघताच म्हणाला, "चहा नको, आपा. अंधार पडायच्या आत अकरा घरी पोचायला हवं. निघतो मी."