आईचा पहिला टेक

वडील गेल्यावर घरात दोन गोष्टी उरल्या: त्यांच्या व्हिडिओ कॅसेटांचा खोका आणि त्यांचा मुलगा. दोन्हींकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती.

वडिलांना चित्रीकरणाचा भारी नाद. पण कॅमेरा बंदही करायचा असतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. चालू कॅमेरा कुठेही टेकवून ते जेवायला बसत. त्यामुळे कुटुंबाचा सगळा इतिहास म्हणजे फरशी. मधूनच एखादी चप्पल जायची. मुलगा माहितीपट करायचा. त्याने अनुदानाच्या अर्जात या फरशीला 'जमिनीशी असलेलं नातं' म्हटलं आणि अनुदान चक्क मिळालं. तेव्हापासून घरात त्याला 'साहेब' म्हणू लागले. त्यात आदर शोधायला भिंग लागलं असतं.

पण नुसत्या फरशीवर तासभर निभणार कसं? म्हणून आईला बोलतं करायचं ठरलं. विषय एकच: वडील दवाखान्यात जायला निघाले ती सकाळ. दारात तेव्हा फक्त आई होती, आणि वडील काही परत आले नाहीत. जाताना ते काय म्हणाले, हे आईने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

खिडकीशी खुर्ची मांडली. आवाजाच्या कामाला ताई, कारण ती फुकट होती. तिच्या कानांवर भलेमोठे हेडफोन चढवले. आई बोलू लागली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर ऊन चमकत होतं आणि साहेबांचा सगळा जीव त्या शेंड्यात अडकला होता. मधूनमधून तो मान हलवत होता. बोलणाऱ्याला धीर यावा म्हणून हलवायची असते, असं तो शिकला होता.

आईने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "एवढंच," म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

तेव्हा कुठे त्याला दिसलं की माइकचा दिवा लागलेलाच नाही.

"ताई, तुला काही ऐकू आलं?"

"छे. एकदम शांत. मला वाटलं, तुमच्या कलेत असंच असतं."

आई परत आली. माइक बंद राहिला, एवढंच म्हणायचं होतं. पण साहेब बोलून गेले, "छान झालं आई. फक्त जरा वरवरचं वाटलं. पुन्हा एकदा, मनापासून?"

नापास झालेल्या मुलीसारखा आईचा चेहरा उतरला. "बरं. अजून काय घालू?"

दुसऱ्यांदा वडील दारातून वळून "काळजी घे" म्हणाले. नेमकं शेजारी कुणीतरी भिंतीला भोक पाडायला घेतलं. तिसऱ्यांदा वडिलांनी आईच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मध्येच बॅटरी संपली. चौथ्यांदा ते म्हणाले, "तुझ्याविना हे घर म्हणजे नुसत्या भिंती."

ताईने हेडफोन गळ्यात ओढले. "बाबा? आपले बाबा? लग्नाच्या वाढदिवसाला कुकरची शिट्टी आणणारे?"

"शिट्टी हवीच होती," आई म्हणाली. मग मुलाकडे वळली. "यात रडू कुठे घेऊ? भिंतींच्या आधी की नंतर?"

"आई, पहिल्यांदा सांगितलंस ना, तेच सांग."

"ते तर वरवरचं होतं."

"नव्हतं गं."

"तूच म्हणालास."

चहात पडलेल्या माशीकडे बघावं तसं ताईने त्याच्याकडे बघितलं. "तू सांगतोस, की मी सांगू?"

"माइक बंद होता," तो म्हणाला. "चूक माझी होती."

आई चिडली असती तर बरं झालं असतं. तिला हायसं वाटलं. "अगं बाई! म्हणजे माझं चुकलं नव्हतं! मला वाटलं, एवढीशी आठवण, ती कमीच पडणार. मग सोपं आहे की. तू ऐकलंस ना? तूच सांग मला. माझं आता सगळं कालवलं गेलंय. भिंती तेवढ्या माझ्या, एवढं नक्की."

"मी नाकाकडे बघत होतो."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

"पण तू मान हलवत होतास," आई म्हणाली. रागाने नाही, हरवलेली वस्तू शेवटची कुठे पाहिली होती ते सांगावं, तशी.

अशा वेळी धरणीने पोटात घ्यावं म्हणतात. त्याने खाली पाहिलं. वडिलांची फरशी होती. तिने काही मनावर घेतलं नाही.

कॅमेरा पिशवीत कोंबून तो आईसमोर बसला. "घाई नाही," म्हणाला.

आईने डोळे मिटले. "ते दारात थांबले आणि काळजी... नाही, हे दुसऱ्यातलं. डोक्यावरून... हेही नाही. त्यांच्या हातात काहीतरी होतं. ते मला दिलं आणि म्हणाले..."

ती थांबली. आईने डोळे उघडले आणि मुलाकडे ओशाळून पाहिलं.

"साहेब, उद्या आठवलं तर चालेल का?"