ओढ्याकाठचं उपाशी गवत

अप्पांच्या डोळ्यांवर धुकं उतरत चाललं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. "दिसतंय तोवर बघून घ्या," ते म्हणाले. अप्पांना एकच बघायचं होतं, घरामागच्या ओढ्याचा तळ. लहानपणी तिथला दगडन् दगड त्यांच्या ओळखीचा. आता वर नुसतं हिरवंगार शेवाळ.

त्यांची सून माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं घरच्याच शेताची माती तपासली आणि घरच्यांनाच नापास केलं. "स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, इतकं साठलंय की काही वर्षं खत नाही घातलं तरी चालेल. पावसात ते मातीबरोबर ओढ्यात जातं आणि त्यावर शेवाळ पोसतं." नवरा कुरकुरला, पण बायकोपुढे कुणाचं चाललंय? शेताला खत बंद झालं. ओढ्याच्या कडेचा पट्टा त्यानं नांगरायचा सोडला आणि तिथं गवत वाढू दिलं. वाहून येणारी माती गवतानं अडवायची, स्फुरद शोषायचं, मग ते कापून लांब न्यायचं.

वर्ष गेलं तरी शेवाळ हटेना. उलट पट्ट्याजवळच ते जास्त माजलं. सून बाटलीत पाणी भरून न्यायची आणि आकडा बघून कपाळाला हात लावायची. इकडे अप्पा माणसं आवाजावरून ओळखायला लागले होते.

एका सकाळी धुक्यातून ती ओढ्यावर गेली, तर पट्ट्यावर अप्पा. एका हातात बादली, दुसऱ्या हातानं झोपेत चालल्यासारखे मुठी उधळत होते. गवताशी काहीतरी लाडानं बोलणंही चाललं होतं.

"अप्पा, हे काय?"

"पिवळं पडलंय गं बिचारं. शेताला बंद केलंत, ठीक आहे. पण तुझ्या गवतालाही उपाशी ठेवायचं? गोठ्यामागे जुनं खत पडलं होतं. म्हटलं, तुझं काम लवकर होईल."

बोलावं तर म्हातारा मोडणार, न बोलावं तर तळ कधीच दिसणार नाही. तिनं सगळं सांगितलं, की पट्ट्यावर टाकलेलं खत पावसात सरळ ओढ्यातच जातं आणि शेवाळ त्यावरच माजलंय. "त्याला भूक लागली तरच ते वरून येणारं खाईल, अप्पा."

अप्पांनी बादली खाली ठेवली. "म्हणजे मीच..." बादली त्यांनी तिच्याकडे सरकवली.

पण जित्याची खोड. रोज सकाळी ते पट्ट्यावर जायचे आणि रिकाम्या मुठी उधळायचे. "अप्पा हवा पेरतायत," नवरा हसायचा. सुनेला हसू यायचं नाही.

पाणी निवळत होतं, पण सावकाश. डोळ्यांना तेवढा धीर नव्हता. ज्या सकाळी तळ दिसला, तेव्हा अप्पांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता.

"अप्पा, तळ दिसतोय!"

"गुणाची आहेस," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटंही बोलतेस."

तिनं शपथा घेतल्या. ते नुसते मान हलवत राहिले. तिला रडूच फुटलं. मग तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना सरळ पाण्यात उतरवलं. घसरणार म्हणून अप्पांनी तिचा खांदा गच्च पकडला. पाऊल दगडावर पडलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी दुसरं पाऊल टाकलं. तेही राहिलं.

"निसरडं नाही गं," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी खांदा सोडला. "आता सांग, काय काय दिसतंय. घाई करू नकोस."

तिनं डोळे पुसले आणि त्यांच्या पायाखालच्या दगडापासून सांगायला सुरुवात केली.